पिवळी पाटी आणि पहाटेचे पावणेचार

पत्र थोडक्यात असं. पुण्यातल्या सिंहगड रोडच्या आतल्या बाजूची, वीसेक वर्षं जुनी, ३६ फ्लॅटची सोसायटी, चारचाकीच्या जागा २१. पत्र लिहिणाऱ्या ताई दीड वर्षापासून तिथल्या सेक्रेटरी. मागच्या एजीएममध्ये (वार्षिक सर्वसाधारण सभेत) ठराव झाला की 'पिवळ्या नंबर प्लेटची कोणतीही गाडी आवारात लावू नये'. नाव कुणाचं घेतलं नाही पण तशी गाडी एकच आहे, तिसऱ्या मजल्यावरच्या एका सभासदाने नोकरी गेल्यावर घेतलेला 'छोटा हत्ती' टेम्पो. मार्केटयार्डातून हॉटेलांना भाजी पोचवतो. मेंटेनन्स वेळेवर भरतो, पार्किंगची जागा चिठ्ठीत मिळालेली. तक्रारी अशा की पहाटे पावणेचारला गाडी सुरू होते, रिव्हर्सची टिवटिव, खांबाजवळ क्रेट, अधूनमधून कोबीचा वास, आणि 'एवढं मोठं धूड कशाला आत'. चेअरमन म्हणतात एक तारखेपासून वॉचमनने गेटवरच अडवायचं, नाही ऐकलं तर चाकाला जॅमर. त्या सभासदाची बायको आणि ताई एकाच भिशीत, ती आता यायची बंद झालीय. ताई विचारतात, "ठराव पाळला तर माणुसकी गेली, नाही पाळला तर पार्शल्टी केली म्हणतील. नियम सगळ्यांना सारखाच हवा ना? सोसायटीचं स्टँडर्डही राखायला हवं. मी नेमकं काय करू?"

ताई,

तुमचं पत्र वाचून झाल्यावर मी एक उद्योग केला, तुम्ही लिहिलेल्या तक्रारी एका पाठकोऱ्या कागदावर उतरवल्या. इंजिन, टिवटिव, क्रेट, वास, धूड. शेजारी दुसरा रकाना आखला की पिवळी प्लेट काढून पांढरी लावली तर यातली कुठली तक्रार मिटेल, आणि तो रकाना कोराच राहिला हो. म्हणजे सभेला त्रास होत होता एका गोष्टीचा आणि ठराव केला दुसऱ्याच गोष्टीवर.

तुम्ही म्हणाल कमर्शियल गाडी आली की हे सगळं आलंच. येतं का पण? उद्या तुमच्याच बिल्डिंगमधल्या कुणाचा मुलगा कॅब चालवायला लागला, वॅगनआर घेतली, रात्री अकराला गुपचूप येऊन लागणार, सकाळी नऊला निघणार, कुणाला पत्ता नाही, पण प्लेट पिवळी म्हणून ती बाहेर. आणि याच तुमच्या सभासदाने इलेक्ट्रिक टेम्पो घेतला तर त्याची पाटी हिरवी असते, अक्षरं तेवढी पिवळी, म्हणजे ठरावाच्या शब्दाप्रमाणे तो क्रेट आणि कोबीसकट आत, सन्मानाने. सेल्फ ड्राइव्हला भाड्याने मिळणाऱ्या गाड्यांची पाटी काळी, त्याही चालतात. असला नियम राबवायला वॉचमनला रंगांचा तक्ता द्यावा लागेल.

आता ते 'धूड'. एक मेजरिंग टेप घ्या आणि संध्याकाळी खाली उतरा. छोटा हत्ती साधारण ३.८ मीटर लांब आणि दीड मीटर रुंद, म्हणजे लांबीला स्विफ्टच्या आसपासच, रुंदीला तिच्यापेक्षा कमी. तुमच्याकडे कुणाची फॉर्च्युनर आहे की नाही माहीत नाही पण हल्ली प्रत्येक सोसायटीत एक तरी असतेच, ती ४.८ मीटर लांब आणि १.८५ मीटर रुंद. पार्किंगची चौकट आखताना साधारण अडीच बाय पाच मीटर धरतात, तर कोण बाहेर लोंबतंय ते टेपच सांगेल. वजनाचंही तेच, छोटा हत्ती मालासकट दीड-पावणेदोन टन, फॉर्च्युनर रिकामीच दोन टनांच्या आसपास. त्यामुळे पाण्याच्या टाकीवरचं झाकण खचेल, चेंबर फुटेल ही भीती असेल तर ती सगळ्याच जड गाड्यांची धरा. उंची मात्र खरंच बघा, हौद्यावर लोखंडी सांगाडा नाहीतर ताडपत्रीची कमान असेल तर बीमला किंवा ड्रेनेजच्या पाइपला लागू शकते.

आणि ते स्टँडर्ड. हा शब्द तुम्ही दोनदा वापरलाय म्हणून विचारते, राग मानू नका. तुम्हीच पत्रात खालच्या कोपऱ्यात लिहिलंय की सोसायटीच्या गणपतीची मूर्ती गेली दोन वर्षं याच टेम्पोतून येते, पुढे ढोल, मागे तुम्ही सगळे. म्हणजे भाद्रपदातल्या चतुर्थीला तो टेम्पो गेटमधून आत आला तर स्टँडर्ड वाढतं आणि पंचमीला तोच उभा राहिला तर घसरतं? फ्लॅटची किंमत कमी होईल असंही कुणीतरी सभेत म्हणालं असणार, म्हणतातच. घर बघायला येणारं गिऱ्हाईक पाणी टँकरने येतं का, लिफ्ट चालते का, मेंटेनन्स किती ते विचारतं. खालच्या गाड्यांच्या पाट्यांचे रंग बघत फिरणारं गिऱ्हाईक मला अजून भेटायचंय.

मला हे बोलायचा हक्क आहे कारण मी स्वतः आमच्या सोसायटीत दोन टर्म ट्रेझरर होते आणि असाच एक नियम मी हौसेने पास करून घेतला होता, 'बाहेरच्या गाड्यांना प्रवेश नाही', लाल अक्षरात बोर्ड पण लावला. पहिला बळी कोण तर माझा सख्खा भाऊ, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आईला घेऊन जुलैच्या पावसात गेटबाहेर उभा, आणि वॉचमन बिचारा मलाच इंटरकॉमवर सांगतोय, मॅडम तुम्हीच सांगितलंय. पुढच्या मीटिंगला तो बोर्ड मीच उतरवला.

बरं, कायद्याचं. कारण तुमचा खरा पेच 'ठराव झालाय ना' इथे अडकलाय. पहिल्यांदा बघा तुम्ही सोसायटी आहात की अपार्टमेंट, पुण्यात हा घोळ फार आहे, लोक तोंडाने सोसायटी म्हणतात आणि कागद १९७० च्या अपार्टमेंट कायद्याचे असतात. अपार्टमेंट असेल तर डीड ऑफ डिक्लरेशन (इमारतीचं नोंदलेलं घोषणापत्र) आणि त्याला जोडलेले नियम काढून वाचा, पार्किंगचं जे काही आहे ते त्यात. तुमच्या पत्रात चेअरमन, सभासद, एजीएम असं सगळं आहे म्हणून मी १९६० च्या सहकार कायद्याखालची सोसायटीच धरून चालते. तर तुम्ही स्वीकारलेले उपविधी, म्हणजे बाय-लॉज, कपाटातून बाहेर काढा. राज्याच्या आदर्श उपविधींमध्ये ७८ नंबरपासून पुढे पार्किंगचाच विषय आहे, कुणाला जागा द्यायची, जागा कमी असतील तर चिठ्ठ्या कशा टाकायच्या, चार्जेस कुणी ठरवायचे. आणि गंमत म्हणजे त्यात स्कूटर, मोटारसायकल यांच्या रांगेत ऑटोरिक्षा चक्क नावानिशी आहे, सभासदाने कमिटीची परवानगी घेऊन आवारात लावायची आणि ठरलेले चार्जेस भरायचे. रिक्षा म्हणजे धंद्याचीच गाडी की. उपविधी लिहिणाऱ्यांना सोसायटीत राहणारा माणूस रिक्षा चालवत असेल हे सुचलं होतं, आपल्याला सुचत नाही.

याचा अर्थ जनरल बॉडीला नियम करताच येत नाहीत असा नाही, पार्किंगचं धोरण ठरवायचा अधिकार तिचाच. पण ते उपविधींच्या चौकटीत बसायला हवं, ठराविक माणसाला नेम धरून केलेलं नको, आणि रीतसर व्हायला हवं. म्हणून इतिवृत्ताची वही उघडा आणि बघा हा विषय नोटिशीत होता का. एजीएमची नोटीस १४ दिवस आधी विषयपत्रिकेसकट जावी लागते. तुमच्या पत्रातल्या वर्णनावरून मला दाट शंका आहे की हा विषय शेवटी चहा येताना, 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय' मध्ये घुसला. तसं असेल तर चालू असलेली सोय एका सभासदाकडून काढून घेणारा ठराव ऐनवेळच्या विषयात करणं फार कच्चं आहे. तो माणूस उद्या उपनिबंधकांकडे तक्रार घेऊन गेला किंवा सहकार न्यायालयात कलम ९१ खाली दावा लावला तर कागदावर सही सेक्रेटरीची असते ताई, गेटवर जॅमर लावा म्हणणाऱ्या आवाजाची नसते.

जॅमरबद्दल एकच सांगते, नको. सभासदाला त्याच्याच गेटवर अडवणं, चाकातली हवा सोडणं, साखळी लावणं, पाणी तोडायची धमकी, यातलं काहीही कमिटीच्या हातात नाही. नियम मोडला तर लेखी नोटीस, त्याचं म्हणणं ऐकणं, मग सभेपुढे, हा रस्ता आहे आणि तो हळू आहे. जॅमर लावलात तर पहाटे पावणेचारला अख्खी बिल्डिंग खाली जमेल आणि पोलीस पण येतील, मग झोपा कुणाच्याच नाहीत. त्यात वॉचमनला पुढे करणं तर मला अजिबात पटत नाही, महिना दहा-बारा हजारावर राबणाऱ्या माणसाने सभासदाशी हुज्जत घालायची आणि आपण गॅलरीतून बघायचं.

'बाहेर रोडवर लावू दे' हा उपाय पण सभेत आलाच असणार. कुठे लावणार? आतल्या गल्लीत दोन्हीकडे आधीच गाड्या, मोठ्या रस्त्यावर पी-१ पी-२ च्या पाट्या, आज या बाजूला उद्या त्या बाजूला, चुकलं की टोइंग. आणि उघड्यावर रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी सकाळी असेलच याची हमी कोण देणार. तो टेम्पो त्याचं दुकान आहे, तुम्ही दुकान फुटपाथवर काढायला सांगताय.

आता तुमच्या बाजूने बोलते, कारण शेजाऱ्यांचा त्रास खोटा नाहीये. पहाटे पावणेचारला बेडरूमखाली डिझेल इंजिन धडधडलं की पहिल्या मजल्यावरचे आजोबा परत झोपत नाहीत, हे मला माहितीये. ध्वनिप्रदूषणाच्या नियमात रात्री १० ते सकाळी ६ ला रहिवासी भागाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. त्यामुळे 'पोटापाण्याचं आहे' म्हणून सगळं चालवून घ्या असं मी म्हणणार नाही. पण मार्केटयार्डाचं काम पहाटेच असतं, त्याला आठला निघ म्हणण्यात अर्थ नाही, तोवर हॉटेलवाल्याने दुसऱ्याकडून कोथिंबीर घेतलेली असते. मग आवाज कमी कसा होईल तेवढंच बघायचं.

आणि तो होतो. तुम्ही लिहिलंय की त्याची जागा आतल्या भिंतीशी आहे आणि पहाटे रिव्हर्स घेत बाहेर यावं लागतं. म्हणजे तो संध्याकाळी नाक आत करून लावतोय. उलटं करायचं, आदल्या दिवशी येतानाच रिव्हर्स घेऊन लावायची, तेव्हा टिवटिव झाली तरी लोक टीव्हीपुढे असतात, आणि पहाटे सरळ पहिल्या गिअरमध्ये बाहेर. स्टार्टर मारला की दोन मिनिटांत निघायचं, दहा मिनिटं गरम करत बसायचं नाही, हौद्याची साखळी आणि फाळका आदल्या रात्रीच बांधून ठेवायचा, कारण अर्धा आवाज त्या खडखडाटाचा असतो. याहून चांगलं म्हणजे गेटजवळची जागा. तिथे ज्याची गाडी लागते त्याला विचारा आतली घेतोस का, आतली जागा सावलीची असते, नवी गाडी असलेला माणूस आनंदाने बदलेल. दोघांचं लेखी घ्या, कमिटीच्या मीटिंगमध्ये नोंद करा. माझ्या अंदाजाने एवढ्याने आवाजाच्या निम्म्या तक्रारी तरी जातील.

क्रेटच्या बाबतीत मात्र कडक राहा. पार्किंग हे गाडीसाठी, गोडाऊन नाही, आणि हे त्याच्या क्रेटना लागू तसंच कुणाच्या जुन्या कपाटाला, टाइल्सच्या उरलेल्या खोक्यांना आणि मोडक्या ट्रेडमिललाही लागू. प्लास्टिकचे क्रेट एकात एक बसतात, गाडीतच राहू देत. हौदा मार्केटयार्डातून निघतानाच झाडायचा धुवायचा, कोबीची पानं सोसायटीत आणायचीच नाहीत. हे त्याला सांगा, पण नोटीस बोर्डावर नाही, आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर नाहीच. ग्रुपवर त्याच्या टेम्पोचे फोटो टाकणं चालू असेल तर अॅडमिन म्हणून आज बंद करा. मला तर वाटतं त्याची बायको भिशीला यायची थांबली ती ठरावामुळे नाही, त्या फोटोंखालच्या लाइकच्या अंगठ्यांमुळे.

तिच्याकडे आधी जा. सेक्रेटरीचा कागद न घेता जा. ठरावाला तुम्ही हात वर केला होतात का हे पत्रात लिहिलेलं नाही, केला असेल तर ते पहिल्या पाच मिनिटांत स्वतःहून सांगून टाका, तिला माहीत असणारच. मग नवऱ्याशी बोलणं, आणि तिथे एक प्रश्न विचारायला विसरू नका, तुला कुठल्या जागेवरून निघणं सोपं जाईल. मला नाही वाटत आजवर त्याला कुणी हे विचारलंय.

ठरावाचं काय, तर तो फाडून टाकायचा अधिकार तुम्हाला नाही, तसा गुपचूप धूळ खात ठेवायचाही नाही, मग खरंच पार्शल्टी होईल. कमिटीला लेखी टिपण द्या की ठरावाच्या वैधतेबद्दल शंका आहे, उपविधींशी ताडून बघावा लागेल, तोवर अंमलबजावणी थांबवून विषय परत जनरल बॉडीपुढे ठेवावा. एजीएम ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, ती लांब असेल तर विशेष सर्वसाधारण सभा बोलवा. कमिटी ऐकत नसेल तर एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तरी ती बोलवावी लागते, तुमच्याकडे ते आठ जण होतात, आणि मूर्ती आणायला गेलेल्यांतच आठ निघतील. यावेळी विषय नोटिशीत स्वच्छ लिहा.

नवा ठराव मी लिहिला असता तर साधारण असा. गाडी आखलेल्या चौकटीत बसली पाहिजे, कुठलीही असो, फायरची गाडी यायचा रस्ता मोकळा राहिला पाहिजे. रात्री १० ते सकाळी ६ मध्ये हॉर्न नाही, उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवायचं नाही, माल चढउतार नाही. पार्किंगमध्ये सामान ठेवायचं नाही. तेल गळत असेल तर खाली ट्रे. फ्लॅटमागे आधी एक जागा, उरल्या तर दुसरी, तीही वर्षापुरती. धंद्याची गाडी असेल तर सभासदाची स्वतःची, एकच, कमिटीच्या लेखी परवानगीने. हे शेवटचं महत्त्वाचं आहे कारण आज एक टेम्पो आहे, उद्या धंदा वाढून तीन झाले आणि ड्रायव्हर रात्री जिन्यात बसायला लागले तर ते वेगळं प्रकरण, तेव्हा नाही म्हणायला तुमच्याकडे रंगाऐवजी आकडा असेल.

आणि टेम्पो, रिक्षा, कॅब असणारे वाचक पण हे वाचत असतील, त्यांना दोन शब्द. 'जागा माझी, मी वाट्टेल ते लावीन' हे म्हणू नका, जुन्या इमारतींत स्टिल्टमधलं (इमारतीखालच्या खांबांमधलं) आणि उघडं पार्किंग बिल्डरला फ्लॅटसारखं वेगळं विकता येत नाही, ते सामायिक आहे, हे सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये नहालचंद लालूचंदच्या केसमध्ये सांगून टाकलंय. तुमचा हक्क वापरण्याचा आहे आणि तो बाकीच्यांच्या झोपेसकट आहे. गाडी घ्यायच्या आधी कमिटीला पत्र द्या, पोच घ्या, ती पोच जपून ठेवा. तुमच्याविरुद्ध ठराव आला तर सभेला जाऊन बोला आणि विरोध इतिवृत्तात नोंदवायला लावा, घरी बसून चिडण्यापेक्षा ते कामाला येतं.

ताई, आता शेवटचं. २१ जागा आहेत आणि त्यातल्या एका जागेवर, तुम्ही अगदी जाता जाता लिहिलंय, कव्हर घातलेली एक मारुती आहे जी गेली चार वर्षं हललेली नाही, चारी टायर बसलेत आणि बोनेटखाली मांजर व्यालीय. तिची पाटी पांढरी असल्यामुळे सभेत तिच्यावर कुणी अवाक्षर काढलं नसेल. ती कुणाची ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण माझा आपला एक अंदाज आहे, चेअरमन साहेबांची का?